सौदा झालाच नव्हता म्हणे

दादा, परवा क्रेमॅटोरियममध्ये तुझ्याबद्दल बोलायला चार जण उभे राहिले आणि चौघांनीही तुला पूल म्हटलं. दोन देशांमधला पूल, दोन विचारांमधला पूल, पूर्व आणि पश्चिम यांच्यामधला पूल. पूल म्हणजे ज्याच्यावर दोन्हीकडची माणसं पाय देऊन जातात, हे त्यांना सुचलं नसावं. मी पहिल्या रांगेत एल्सवहिनीच्या शेजारी बसले होते. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. लोकांना वाटलं, दोघी एकमेकींना सावरतायत. खरं म्हणजे मी मध्येच उठून काहीतरी बोलेन, अशी तिला धास्ती होती.

शेवटी तो माजी राजदूत उठला. ज्याला तू आयुष्यभर 'सर' म्हणालास आणि ज्याला तुझं साधं 'अविनाश' हे नाव आयुष्यभर नीट म्हणता आलं नाही, तोच. म्हणाला, "त्या दिवसांत काही देवाणघेवाण झाली असं लोक बोलतात. तसं काही झालं नव्हतं. निर्माण झालं ते विश्वासाचं वातावरण, आणि त्यात आपल्या मित्राचा वाटा होता." तुझी पेटी समोर, तिच्यावर वहिनीनं ठेवलेली पांढरी फुलं, आणि हा गृहस्थ अजून इन्कार करत होता. ज्या एका गोष्टीवर तू पुढची सगळी वर्षं ताठ मानेनं जगलास, ती त्यानं तुझ्या नावावर शेवटच्या दिवशीसुद्धा राहू दिली नाही. वातावरण म्हणे. तुझ्या वाट्याला वातावरण आलं.

मला हसू आलं. वहिनीनं हात आणखी आवळला.

तो सौदा तू मला पहिल्यांदा समजावलास ते हॉलंडमधल्या कापेलच्या तुझ्या स्वयंपाकघरात. मी आइंटहोवनहून रविवारची आले होते, तू बटाटे सोलत होतास. हेगमधल्या त्या संस्थेत तू सल्लागार होतास. तिथे अमेरिका आणि रशिया, दोन्हीकडचे निवृत्त अधिकारी यायचे, चहा-कॉफी घ्यायचे, सरकारांना उघडपणे बोलता येत नाही ते बोलायचे, आणि तुम्ही त्याचं टिपण करून वर पाठवायचात. त्या दिवशी तू फार खुशीत होतास.

"हे बघ मेधा," तू म्हणालास, "अमेरिकेला झेक देशात एका टेकडीवर रडार बसवायचंय, आणि पोलंडमध्ये क्षेपणास्त्रं पाडणारी क्षेपणास्त्रं. रशियाला ते डोळ्यात खुपतंय. दुसरीकडे इराणवर निर्बंध घालायचेत, त्यानं अणुबॉम्ब करू नये म्हणून. पण सुरक्षा परिषदेत रशियाचा व्हेटो आडवा येतो. मग अवघड काय आहे? रडार मागे घ्या, व्हेटो मागे घ्यायला लावा."

"म्हणजे वस्तू द्यायची आणि मत घ्यायचं."

"वस्तू कुठे आहे? रडार अजून बांधलेलंच नाही. न बांधलेली गोष्ट देऊन टाकायची. याहून स्वस्त काय असतं?"

मी इंजिनियर. मला यंत्र कळतं. ते कुणासाठी आहे आणि ते नसेल तर काय होईल, हे विचारायची मला सवय. मी विचारलं, "त्या टेकडीखाली कोण राहतं?"

"एक गाव आहे. त्यांना रडार नकोच आहे, रोज निदर्शनं चालू आहेत. ते तर नाचतील."

"आणि इराणमध्ये कोण राहतं?"

त्यावर तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी बटाट्याचा भाव विचारला. "तू ना, कायम चुकीच्या टोकानं विचार करतेस," म्हणालास आणि फोडणी टाकलीस.

मग ते झालं. रडार रद्द झालं, कारण दिलं तांत्रिक. जहाजांवरून चालणारी नवी व्यवस्था जास्त चांगली आहे म्हणे. वर्ष उलटायच्या आत रशियानं निर्बंधांच्या बाजूनं हात वर केला, कारण दिलं स्वतःचं. कुणी काही विकलं नव्हतं, कुणी काही घेतलं नव्हतं, माल मात्र इकडचा तिकडे झाला होता. तू हेगच्या भारतीय दुकानातून पेढे आणलेस. "टिपणातला तो परिच्छेद माझा होता," असं मला तीनतीनदा सांगितलंस. तुझा परिच्छेद नेमका कुठल्या टेबलापर्यंत पोचला, कुणी वाचला की नुसताच कपबशीखाली ठेवला, हे तुलाही ठाऊक नव्हतं. दोन राष्ट्राध्यक्षांनी मिळून जे केलं त्याचे पेढे कापेल आन डेन आयसेलमध्ये वाटले गेले. मी एक खाल्ला. चांगला होता.

मी तुझी अशी टवाळी करते तेव्हा वहिनी नेहमी म्हणते, "मेधा, त्यानं तुझ्यासाठी काय केलं ते पण आठव." आठवते ना. माझं बाळ पोटातच गेलं तेव्हा माझा नवरा निखिल टूरवर होता, विमान मिळत नव्हतं. तू थर्मासमध्ये वरणभात घालून गाड्या बदलत हॉस्पिटलात आलास. तू, ज्याला लिफ्टमध्येसुद्धा गप्प राहवत नाही, दिवसभर माझ्या पलंगाशेजारी एक शब्द न बोलता बसलास. नर्सनं विचारलं, हे कोण, तर मी म्हणाले, माझा भाऊ. तिला वाटलं, तुला डच येत नाही. तेवढा एक दिवस तू कुणालाही काही पटवून दिलं नाहीस. मला तुझा तो दिवस पुरला असता दादा, पुढची वीस वर्षं. पण तू पुन्हा बोलायला लागलास.

शिरीनला मी तुझ्या घरी आणली ती मुद्दामच. ऑफिसात ती माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. तेहरानची, माझ्याहून हुशार, आणि माझ्यासारखीच आईवडिलांना लांब ठेवून इथे आलेली. निर्बंध आले आणि आधी तिच्या बँकेनं तिचं खातं गोठवलं, कारण ती घरी पैसे पाठवायची. मग तिच्या वडिलांचं औषध बंद झालं. रक्ताचा आजार होता. औषध युरोपात बनायचं, कंपनी विकायला तयार होती, पण इराणमधून आलेले पैसे घ्यायला कुठलीच बँक तयार नव्हती. मला वाटलं, तू ऐकशील. तुझ्या ओळखी होत्या. निदान कुणालातरी फोन करशील.

वहिनीनं सूप केलं होतं. शिरीननं सगळं शांतपणे सांगितलं, मध्ये एकदाही आवाज चढवला नाही. तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालास, "पण औषधांना निर्बंधांतून सूट आहे."

"कागदावर आहे," ती म्हणाली.

"नाही, नाही, स्पष्ट कलम आहे. तुमच्या बँका जास्तीची खबरदारी घेतायत. हा अंमलबजावणीतला प्रश्न आहे, धोरणातला नाही."

शिरीननं तुझ्याकडे बघितलं. मग वहिनीला म्हणाली, "सूप छान झालंय." जेवण संपेपर्यंत ती फक्त वहिनीशी बोलली, गुलाबांच्या छाटणीबद्दल. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुझा भाऊ वाईट माणूस नाही. वाईट असता तर त्याला लाज तरी वाटली असती."

पुढच्या हिवाळ्यात तिचे वडील गेले. औषध नव्हतं म्हणून गेले, असं ती कधी म्हणाली नाही, तिथले डॉक्टरही म्हणाले नाहीत. वय झालं होतं, आजार जुना होता. मी तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालास, "अरेरे, वाईट झालं." मग विचारलंस, नाताळला येताय ना.

तेव्हापासून आपलं ते सुरू झालं. दर रविवारी फोन, दर रविवारी तोच प्रश्न. चुकलं असं वाटतं का तुला? तू कधी इतिहास सांगायचास, कधी आकडे, कधी 'पर्याय काय होता' म्हणायचास. एकदा तर रडारांची तांत्रिक कमजोरी मलाच समजावायला लागलास, रोज भिंगं आणि प्रकाश यांच्यात डोकं घालून बसणाऱ्या बहिणीला. तुझे शब्द तर काय, लोण्यासारखे. बार्गेनिंग चिप. पॅकेज. लीव्हरेज. माणसं मात्र त्यात कुठे नसायची, आणि मी त्यांची नावं घेतली की तू म्हणायचास, "भावनिक होऊ नकोस." मीच भावनिक. तू त्या राजदूताच्या निवृत्तीच्या समारंभात रडला होतास, ते तत्त्वासाठी असावं.

आणि मिळालं काय? इराणशी अणुकरार झाला, तुम्ही सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या, मग अमेरिकेनंच तो फाडला आणि निर्बंध परत आले. रशियाचं मत तुम्ही इतक्या कौतुकानं मिळवलं होतं. त्या रशियानं युद्ध पुकारलं आणि त्याच्यावरच निर्बंध घालायची पाळी आली. आता युरोपातला प्रत्येक देश क्षेपणास्त्रं अडवायची यंत्रं मिळावीत म्हणून रांगेत उभा आहे. तुझ्यासारखी माणसं आता त्या विषयावर परिसंवाद घेतात. तेच लोक, तेच कोट, कॉफीसुद्धा तीच. कुणालाही घाम फुटलेला मी पाहिलेला नाही.

शेवटच्या आठवड्यांत वहिनीनं तुझा पलंग खाली दिवाणखान्यात आणला. तुझा आवाज बसला होता, पण बातम्या लावून हव्या असायच्या. मी सुट्टी काढून आले होते. तुला पेज भरवत होते, आणि पडद्यावर कुठल्यातरी शहरावर धूर दिसत होता. मी काही विचारलं नव्हतं. तूच म्हणालास, "त्या वर्षांत इराणचा बॉम्ब झाला नाही ना?"

"नाही झाला."

"मग."

"तुझ्यामुळे झाला नाही?"

"ते सिद्ध करता येत नाही. जे घडलं नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? या कामाचं दुखणंच ते आहे."

इथे मी अडले, दादा, ते कबूल करते. तेवढी वर्षं मिळाली असतील तर त्यांची किंमत काय धरायची, ते मला सांगता येत नाही. पण तू तेवढ्यावर थांबला नाहीस. तोंड पुसून घेतलंस आणि म्हणालास, "तुला माझ्याकडून माफी हवीय ती स्वतःसाठी की शिरीनसाठी?"

"शिरीनसाठी."

"मग तिनं मागावी."

मी वाटी उचलून आत गेले. सिंकपाशी उभी राहून नळ नुसताच सोडून ठेवला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तुला उशीवर डोकं सरळ ठेवायलाही माझी मदत लागत होती. परत येऊन ठेवलं सरळ. त्या विषयावर आपण नंतर बोललो नाही. तू गेलास.

आता परवाचं सांगते, जे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं.

विधी संपल्यावर शेजारच्या खोलीत कॉफी आणि केकचा तुकडा, इथल्या रिवाजाप्रमाणे. राजदूत केक खात होता. एक बाई माझ्याजवळ आली, सत्तरीची असेल, पायात चालायचे जाड बूट. इंग्रजी जपून बोलत होती. म्हणाली, "तुम्ही बहीण ना? मी हेलेना. त्या टेकडीखालच्या गावाची मी तेव्हा सरपंच होते."

मला आधी कळेचना. तुझ्या फोनमध्ये जितके पत्ते होते तितक्यांना वहिनीनं निधनाचं कार्ड पाठवलं होतं. एक तिला गेलं होतं. ती आदल्या दिवशी निघून, ट्रेनमध्ये बसून आली होती.

आम्ही खिडकीपाशी बसलो आणि तिनं सांगितलं. रडार रद्द झालं तेव्हा गावानं जल्लोष केला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळे जमायचे, बाहेर शेकोटी, सॉसेज, बिअर. थंडीवाऱ्यात फलक घेऊन उभे राहिलेले लोक तरुण मुलांना सांगायचे, आम्ही महासत्तेला नाही म्हटलं आणि ती मागे हटली. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू तिथे उगवलास. बसमधून उतरलास, हातात छत्री. त्यांना वाटलं, कुणी परदेशी अभ्यासक आहे. त्यांनी तुला बिअर दिली आणि चार शब्द बोला म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे तुझा आजार कळला त्याच्या पुढच्या महिन्यात. मला तू सांगितलं होतंस, कॉन्फरन्सला प्रागला चाललोय.

"तो उभा राहिला," हेलेना म्हणाली, "आणि त्यानं सांगितलं की रडार तुमच्यामुळे गेलं नाही. रशियाचं मत हवं होतं, त्याच्या बदल्यात ते दिलं. ती कल्पना मांडणाऱ्यांत मी होतो. तुमचा विचार आम्ही केला नव्हता, तुम्ही हवं म्हणाला असता तरी दिलं असतं."

"मग?"

"आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, म्हणजे आम्ही बर्फात उभे राहिलो नसतो तरी चाललं असतं? तुमचा भाऊ म्हणाला, हो. मग मी विचारलं, तुम्हाला याचं वाईट वाटतं का?"

हेलेना कपात चमचा फिरवत होती.

"तो म्हणाला, माझी बहीण दर रविवारी मला हेच विचारते. तिला उत्तर देता येत नाही म्हणून इथे आलो."

दादा, मी त्या खोलीत, त्या केक खाणाऱ्या माणसांसमोर रडले. दिवसभरात पहिल्यांदा. हेलेनानं मला रडू दिलं. वहिनी दुरून बघत होती, पुढे आली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, त्यानं तुला सांगितलं असेल."

नंतर मी हेलेनाला विचारलं, त्याला माफ केलंत का. ती म्हणाली, "नाही. त्यानं मागितली नव्हती. आम्ही त्याला जायला सांगितलं, मी बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. त्यानंतर आम्ही तो दिवस साजरा केलेला नाही."

"मग आज का आलात?"

"इतक्या मोठ्या लोकांनी आमचं इतकं काय काय ठरवलं. त्यातला तो एकटाच सांगायला आला होता. मग आमच्याकडूनही कुणीतरी यायला हवं होतं."

ती हे बोलेपर्यंत माझे डोळे कोरडे झाले होते, आणि ते कोरडे झाल्याबरोबर माझं डोकं पुन्हा चालू लागलं. तुझ्या मरणानंही ती खोड गेलेली नाही. तू तिथे कबुली द्यायला गेला होतास की श्रेय घ्यायला? शंभर माणसांच्या हॉलमध्ये उभं राहून 'हे तुम्ही नव्हे, मी केलं' असं सांगायला. त्या परिच्छेदाचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक नव्हतं. झेक संसद रडारचा करार मंजूर करायला तयार नव्हती, ती याच लोकांच्या निदर्शनांमुळे. ते तूच मला एकदा वैतागून सांगितलं होतंस. तरी त्यांचा सण तू मोडून आलास. बहुधा कबुली आणि श्रेय दोन्ही हवं होतं तुला. तुला नेहमीच दोन्ही हवं असायचं.

मी हेलेनाला ते सांगितलं. म्हणाले, "त्याला खात्रीनं काहीच माहीत नव्हतं. त्याचा वाटा किती, तुमचा किती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्यामुळेही ते थांबलं असेल."

ती म्हणाली, "हे तिथे येऊन सांगाल का? माझ्या तोंडून कुणाला पटणार नाही."

मी हो म्हटलं. जाईन मी. तुझं एक वाक्य दुरुस्त करून येईन.

काल आइंटहोवनला परतल्यावर मी आधी शिरीनकडे गेले. ती तुझ्या विधीला आली नव्हती, मी बोलावलंही नव्हतं. तिनं चहा केला, तुझ्या जाण्याबद्दल जे म्हणायचं ते नीट म्हटलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मी तिला सगळी हकिगत सांगितली. तू आजारी शरीरानं इतक्या लांब गेलास, त्या हॉलमध्ये उभा राहिलास, खरं बोललास. सांगताना माझ्या आवाजात अभिमान आला होता. मला तो ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता.

शिरीननं पूर्ण ऐकून घेतलं. कप बशीत ठेवला.

"चांगलं केलं त्यानं," ती म्हणाली. "त्या गावाचं रडार गेलं, ते त्यांना नकोच होतं. त्यांना सांगायला तो देश ओलांडून गेला. माझं घर तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. तुझ्याकडे तो कितीतरी वेळा येऊन गेला."

मी चहा संपवला. बोलण्यासारखं होतं सगळं, तूच शिकवलेलं. तुझी तब्येत, तुझं वय, तुझी लाज, काहीही जोडून देता आलं असतं. हेलेनाच्या गावी मी तुझ्या वतीनं जाईन, दादा. शिरीनच्या दारी तुझ्या वतीनं उभी राहणार नाही. ते तुझं जायचं राहिलं, आणि ते तसंच राहील.